बदलायचं तर आहे, मग पाय अडतो कुठे?

निळीशाई | सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. सांभाळून घ्या.

मी ४७ वर्षांची. हिशेबाच्या कामात १९ वर्षं झाली. सगळं काम करता करता शिकले, हातात त्या विषयाची पदवी वगैरे नाही. एक वर्षाची पदविका करायची असं तीन वर्षांपासून ठरवतेय. पैसे बाजूला काढून ठेवलेत, वेळ काढता येईल, घरून कुणाची ना नाही. उलट नवराच दर वर्षी आठवण करून देतो.

अर्ज ऑनलाइन आहे, एकूण ९ पानं. गेल्या वर्षी ७ भरली. आठव्या पानावर एकच प्रश्न : 'हा अभ्यासक्रम तुम्हाला का करायचा आहे?' खाली मोठी रिकामी चौकट. तिथे आले की हात थांबतो. खिडकी बंद करते, म्हणते उद्या बघू.

गेल्या वर्षी शेवटच्या तारखेला मी काय केलं सांगते. कपाट आवरलं. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. जुन्या पावत्या वर्षावार लावल्या, वितळून चिकटलेले रबरबँड खरवडून काढले, नवे लावले. रात्री बाराचे ठोके पडले आणि एकदम इतकं हलकं वाटलं! शांत झोप लागली. सकाळी उठले तेव्हा मात्र रडू आलं.

त्या रात्रीचं हलकं वाटणं मला समजत नाहीये. जे मला मनापासून हवं होतं ते हातचं गेल्यावर सुटल्यासारखं का वाटावं? आळस म्हणाल तर नाही. ८ ओळी लिहिण्यापेक्षा ते कपाट शंभरपट मेहनतीचं होतं.

या वर्षीची तारीख २२ दिवसांवर आहे. तुमच्यापैकी कुणी असं काही ओलांडलंय का? कसं?

---

रानवाट | सोमवार, रात्री १०:५२

समदुःखी. माझं कपाटही लखलखीत आहे. वाचतेय.

---

सरळरेषा | सोमवार, रात्री ११:०५

ताई, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. हे मनाचे चोचले आहेत. मी १४ वर्षं सिगारेट ओढली. एका मंगळवारी सकाळी पाकीट चुरगाळून टाकलं, परत हात लावला नाही. मनाला विचारत बसलो असतो तर आजही ओढत असतो. आत्ता लॅपटॉप उघडा, आठवं पान काढा, वाट्टेल ते लिहा आणि पाठवून द्या. विचार नंतर.

---

चांदणझूला | सोमवार, रात्री ११:२०

कुठलीही गोष्ट २१ दिवस सलग केली की सवय होते म्हणतात. तुमच्याकडे २२ आहेत! रोज आठवं पान नुसतं उघडायचं, एवढंच ठरवून बघा.

---

गणिती | मंगळवार, सकाळी ७:१५

चांदणझूला, रोज पान उघडायची कल्पना छान आहे. २१ या आकड्यावर मात्र थोडं लिहितो, कारण त्यापायी लोक स्वतःला फार बोल लावून घेतात.

हा आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनकडून आला. शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची ओळख पटायला रुग्णांना साधारण किमान २१ दिवस लागतात, असं त्यांनी १९६० साली लिहिलं. तोंडोतोंडी त्यातला 'किमान' गळाला आणि चेहऱ्याच्या जागी सवय आली. सवयीचा खरा अभ्यास लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी केला, २०१० साली छापून आला. ९६ माणसं, ८४ दिवस, प्रत्येकाने स्वतः निवडलेली एक छोटी रोजची गोष्ट. ती आपसूक व्हायला लागलेला मधला काळ निघाला ६६ दिवस. पण माणसामाणसांत फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. (२५४ हा आकडा आलेख पुढे वाढवून काढलेला, कारण अभ्यासच ८४ दिवसांचा होता.) मला त्यातली सगळ्यात दिलासा देणारी गोष्ट ही वाटते की मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून घडी विस्कटत नव्हती. विसाव्या दिवशी चुकलं म्हणून 'आपल्याच्याने होणार नाही' असं म्हणून सोडून देणारे कितीतरी जण मी पाहिलेत. त्यांना हे कुणीतरी वेळेवर सांगायला हवं होतं.

निळीशाई, तुमचा प्रश्न मात्र सवयीचा नाही. अर्ज एकदाच भरायचाय. तुमचं गणित नफा-तोट्याचं आहे. कानेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली मांडलं की तेवढ्याच मिळकतीच्या आनंदापेक्षा तेवढ्याच नुकसानीचा चटका जास्त बसतो. १९९२ च्या त्यांच्या मोजमापात तो सव्वादोन पट निघाला. म्हणजे बदलातून मिळणारं आणि जाणारं कागदावर सारखं असलं तरी मनाच्या तराजूत जाणाऱ्याचंच पारडं खाली बसतं. पदविकेतून काय मिळेल ते तुम्ही पक्कं जाणता. काय जाईल, हे कधी लिहून काढलंय?

---

निळीशाई | मंगळवार, सकाळी ९:३०

गणिती, जाण्यासारखं काहीच नाही असं लिहायला बसले होते. खोडलं. थोडा वेळ द्या.

---

काठावरचा | मंगळवार, दुपारी १:४५

मी ५२ व्या वर्षी पोहायला शिकलो, ते सांगतो. शास्त्र मला येत नाही, अनुभव आहे.

लहानपणी एकदा बुडता बुडता वाचलो होतो. तलावावर पहिले आठ दिवस मी कडेचा लोखंडी दांडा धरून उभा. पाणी छातीपर्यंत. पाय तळाला टेकलेले, बुडायचा प्रश्नच नाही, तरी बोटं दांड्यावरून निघेनात. नखं पांढरी पडायची. शिकवणारा पोरगा माझ्या मुलाच्या वयाचा. पहिला आठवडा तो म्हणायचा, "काका, सोडा, मी आहे ना." तो जितकं म्हणे तितकी माझी मूठ आवळे. नवव्या दिवशी तो म्हणाला, "काका, सोडू नका. फक्त करंगळी उचला." उचलली. "झालं. आजचं झालं. आता मजा करा."

दुसऱ्या दिवशी करंगळी आणि अनामिका. तिसऱ्या दिवशी तीन. पाचव्या दिवशी नुसता अंगठा टेकलेला होता आणि मी पाठीवर पाण्यात होतो. मान वर काढली की पाय खाली जातात, हे तेव्हा कळलं. डोकं पाण्यावर टाकायचं, छातीत हवा भरून घ्यायची, पाणी उचलतं. जीव वाचवायला मान वर काढावी तर त्यानेच बुडायला होतं. मला हे पुस्तकात वाचून कधीच पटलं नसतं.

त्या पोराचं मला अजून कौतुक वाटतं. माझी मूठ त्याने सोडवली नाही. आधी तिला धरून राहायची परवानगी दिली.

---

रानवाट | मंगळवार, दुपारी २:०५

काका, आता नाव बदला! काठ सोडल्याला किती वर्षं झाली?

---

काठावरचा | मंगळवार, दुपारी २:११

सहा. नाव राहू दे, त्या काठाचे उपकार आहेत.

---

सरळरेषा | मंगळवार, संध्याकाळी ६:३०

काका, अनुभव मस्त. पण पाचही बोटं शेवटी सोडलीच ना? रोज एक बोट याला सगळ्यांकडे सवड नसते. २२ दिवस म्हणता म्हणता जातील. हळूहळूच्या नावाखाली लोक वर्षानुवर्षं करंगळीवरच अडून राहतात, हेही पाहिलंय.

---

पानगळ | मंगळवार, रात्री ९:५०

मी व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात समुपदेशक आहे, त्यामुळे हा धागा माझ्या रोजच्या कामाचा. लांबण लागेल.

आधी सरळरेषा यांच्या बाजूने. सिगारेटच्या बाबतीत त्यांचा मार्ग खरंच चांगला आहे. इंग्लंडमध्ये ६९७ जणांवर झालेली एक चाचणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. ठरलेल्या दिवशी एकदम सोडणाऱ्यांपैकी ६ महिन्यांनी २२ टक्के सुटलेले राहिले, हळूहळू कमी करत गेलेल्यांपैकी १५.५ टक्के. पण त्यातली एक बारीक गोष्ट बघा : एकदम सोडणाऱ्यांनीही तारीख दोन आठवडे पुढची घेतली होती. आणि हे सगळे 'सोडायचंय' असं ठरवून आलेले लोक होते. सरळरेषा, तो मंगळवार उजाडायच्या आधी तुमच्या मनात किती महिने काय चाललं होतं, ते तुम्हीच आठवून बघा.

प्रोचास्का आणि डिक्लेमेंटे यांनी १९८३ साली स्वतःच्या स्वतः सिगारेट सोडू पाहणाऱ्यांचा अभ्यास केला, तेव्हा हेच दिसलं की माणूस टप्प्यांतून जातो. विचारच नाही, मग विचार आहे पण दोन्हीकडे ओढ आहे, मग तयारी (हा टप्पा नंतर जोडला गेला), मग कृती, मग टिकवणं. परत मागेही येतो. दोन्हीकडे ओढ असलेल्या माणसाला आपण कृतीच्या टप्प्यावरचा सल्ला दिला की तो 'हो, पण…' म्हणतो. मग आपण म्हणतो, हा ऐकत नाही.

त्याच वर्षी विल्यम मिलर यांचा एक लेख आला. ते नॉर्वेत होते. तिथल्या तरुण मानसशास्त्रज्ञांसमोर संवाद करून दाखवायचे आणि ते तरुण त्यांना मध्येच थांबवून विचारायचे, हाच प्रश्न का विचारलात, हे का बोलला नाहीत? त्या विचारण्यातून त्यांना स्वतःच्या कामाची रीत शब्दांत मांडता आली. पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासोबत ती वाढवली. त्यातलं एक मी रोज अनुभवते. माणसाच्या मनात दोन वकील असतात, बदलाच्या बाजूचा आणि विरोधातला. मी बदलाच्या बाजूने बोलायला लागले की त्याच्याकडे विरोधाची बाजू तेवढी उरते. तो ती मांडतो, आणि स्वतःच्या तोंडून ऐकलेलं माणसाला पटत जातं. सुरुवातीच्या काळात मी समोरच्याला इतकं कळकळीने पटवायचे की तो जाताना आणखी पक्का होऊन जायचा. चांगल्या हेतूने मी लोकांचं नुकसान केलंय, आणि ते मला अजून लागतं.

म्हणून निळीशाई, तुम्हाला सल्ला नाही, दोन प्रश्न. शून्य ते दहा असा आकडा धरला तर ही पदविका तुम्हाला किती महत्त्वाची वाटते? आणि जो आकडा म्हणाल त्यापेक्षा दोन-तीनने कमी का नाही? दुसरा प्रश्न असा : त्या रात्री बारा वाजल्यावर कशातून सुटल्यासारखं वाटलं?

---

धावपट्टी | बुधवार, सकाळी ६:२०

पानगळताई, वाखूण साठवली.

काठावरच्या काकांच्या मुठीवरून आठवलं. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर माझा पाय वाकेना. मी दात-ओठ खाऊन वाकवायचो, मांडी दगडासारखी व्हायची. फिजिओथेरपिस्ट बाई म्हणाल्या, "तुमचा स्नायू तुमच्याशी भांडत नाहीये, सांध्याची राखण करतोय. त्याला वाटतंय अजून जखम ताजी आहे." मग त्यांनी उलटंच करायला लावलं. पाय जिथवर वाकतो तिथे थांबायचं, त्यांच्या हाताविरुद्ध हलका जोर पाच-सहा सेकंद लावायचा, म्हणजे विरोध मुद्दाम करायचा. मग श्वास सोडत सैल. सैल पडल्यावर पाय थोडा आणखी वाकायचा. न खेचता.

राखण हा शब्द माझ्या डोक्यात राहिला. नंतर बऱ्याच गोष्टींना लावून पाहिला. स्वतःवर चिडणं कमी झालं.

---

जुनीवही | बुधवार, सकाळी ११:००

सगळ्यांचं वाचलं. माझं वय ७१, त्यामुळे थोडं वेगळं बोलते.

बदलाला नकार दिला की लगेच 'विरोध' म्हणायची घाई होते, ती मला मान्य नाही. आमचे हे गेल्यावर वर्षाच्या आत सगळ्यांनी मला घर विकायला सांगितलं. मी नाही म्हटलं. मग, 'आई बदलायलाच तयार नाही', 'भूतकाळात अडकलीय', सगळं ऐकलं. मी अडकले नव्हते. मला त्या घरात एकटीने राहून बघायचं होतं. त्याच घरात मी वयाच्या ६३ व्या वर्षी पहिल्यांदा स्वतःचे आर्थिक व्यवहार हातात घेतले. घर विकलं असतं तर मी कुणाच्या तरी एका खोलीत नीट सांभाळली गेले असते. माझी वाढ त्या नकारात होती. जो बदल दुसऱ्याच्या सोयीचा असतो त्यालाही हल्ली वाढ म्हणतात. तेव्हा निळीशाई, आधी बघ बाई, ही पदविका तुला हवी आहे की नवऱ्याला, की साहेबांना.

आणि आता दुसरी बाजू, कारण एकच बाजू सांगणं खोटेपणा होईल. मला ऐकू कमी यायला लागलं. यंत्र आणलं आणि ते दोन वर्षं टेबलाच्या खणात होतं. डबीत, कापसात. विचारलं की मी म्हणायची, टोचतं, आवाज फार येतात. आवाज येतात हे खरंच होतं. पहिल्या दिवशी वर्तमानपत्राचं पान उलटलं तर पत्रा वाजल्यासारखं वाटलं, स्वतःच्या चपलांनी दचकले. तपासणाऱ्या मुलीने सांगितलं होतं की मेंदू हे आवाज विसरलाय, रोज थोडा वेळ घातलंत तर काही आठवड्यांत त्याला पुन्हा सवय होईल. मी दोन दिवसांत काढून ठेवलं.

खरं कारण वेगळंच होतं. यंत्र लावलं म्हणजे मी म्हातारी झाले. खणात होतं तोवर बाकीचे पुटपुटत होते, मला कमी ऐकू येत नव्हतं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही. एक दिवस नात माझ्या कानाशी येऊन काहीतरी गुपित बोलली आणि मी नुसतीच हसले. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आजी, तुला कळलं नाही ना?" त्या संध्याकाळी खण उघडला. ती काय बोलली होती ते तिने परत सांगितलं नाही.

---

रानवाट | बुधवार, सकाळी ११:३५

काकू…

---

गणिती | बुधवार, दुपारी १२:१०

जुनीवही काकू, तुमच्या पहिल्या भागाला पूर्ण अनुमोदन. जॅक ब्रेहम यांनी १९६६ साली हेच मांडलं की निवडायचं स्वातंत्र्य कुणी काढून घेतंय असं वाटलं की माणूस ते परत मिळवायला उलट दिशेला जातो. गोष्ट चांगली की वाईट हा मुद्दाच राहत नाही. निळीशाईंना दर वर्षी प्रेमाने होणारी 'आठवण' हीही त्या पोराच्या 'काका, सोडा'सारखी असू शकते, जितकी होते तितकी मूठ आवळते.

तुमच्या दुसऱ्या भागावर काय लिहू? दोनदा वाचला.

---

सायंतारा | बुधवार, रात्री ८:४०

थोडं अवांतर, पण सुटून जायला नको. आपण बदलतो तेव्हा आजूबाजूचेही अडवतात. मी तीन वर्षांपूर्वी 'नाही' म्हणायला शिकले. नणंदेच्या कामाला, ऑफिसमधल्या ज्यादा फायलींना. पहिल्या महिन्यात सगळे विचारत होते, तब्येत बरी आहे ना? दुसऱ्या महिन्यात म्हणायला लागले, हिला शिंगं फुटली. मला वाटलं आपण वाईट माणूस झालो, आणि जवळजवळ परत फिरले होते. घरातली प्रत्येकाची जागा ठरलेली असते, एकाने सरकलं की सगळ्यांना सरकावं लागतं. ते चिडतात ते आपल्यावर नसतं, त्या सरकण्यावर असतं. माझ्या सासूबाई सगळ्यात शेवटी सरकल्या, आणि आता त्याच इतरांना सांगतात, "तिला विचारून घ्या हं, ती स्पष्ट सांगते."

---

चांदणझूला | बुधवार, रात्री ९:०२

सासूबाईंना माझा साष्टांग नमस्कार!

---

निळीशाई | शुक्रवार, रात्री ११:५५

दोन दिवस आले नाही, कारण लिहायला काही सापडलं की लाज वाटत होती. आता लिहूनच टाकते.

जुनीवही काकू, पदविका मलाच हवी आहे. पानगळताई, आकडा ८. तो ५ का नाही, याचं उत्तर लगेच आलं : नियम बदलले की मला नुसता 'असं करायचं' एवढंच सांगतात. तसं का करायचं हे कळत नाही आणि विचारायला तोंड नाही. मला ते 'का' हवंय. फार वर्षांपासून हवंय.

आणि गणिती, जाण्यासारखं काय आहे ते. आमच्याकडे नवा माणूस आला की साहेब माझी ओळख करून देताना म्हणतात, "यांनी कुठलं शिक्षण घेतलेलं नाही, पण यांना येत नाही असं काही नाही." १९ वर्षांत हे वाक्य मी पन्नासदा तरी ऐकलं असेल. दर वेळी मान खाली घालून हसते आणि आतून फुलते. ते वाक्य म्हणजे माझं घर आहे. पदविकेला बसले की मी इतर साठ जणांसारखी एक विद्यार्थिनी. आणि नापास झाले तर? मग ते वाक्य असं होईल : "यांनी शिक्षण घ्यायचा प्रयत्न केला होता."

त्या रात्री बारा वाजता मी त्यातून सुटले. अजून एक वर्ष ते वाक्य माझं.

धावपट्टी, तुमचा राखण हा शब्द वाचला तेव्हा हे सगळं वर आलं.

---

पानगळ | शनिवार, सकाळी ८:१५

निळीशाई, हे लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. लाज वाटण्यासारखं यात काही नाही. कशाची राखण चाललीय ते दिसलं की अर्धा ताण तिथेच उतरतो, असा माझा अनुभव आहे.

हार्वर्डमधले रॉबर्ट कीगन आणि लिसा लाही यांनी याच गोष्टीवर पुष्कळ काम केलंय. माणसाने एका बाजूला बदलायचं मनापासून ठरवलेलं असतं आणि त्याच वेळी आत दुसरीही एक तितकीच मनापासूनची बांधिलकी असते, जिची त्याला खबर नसते. एक पाय अ‍ॅक्सिलरेटरवर, एक ब्रेकवर. तुमची दुसरी बांधिलकी : 'न शिकताही सगळं येणारी' राहणं. ती वाईट नाही, तिने तुम्हाला १९ वर्षं ताठ उभं ठेवलंय. तिच्या तळाशी एक गृहीतक असतं, आणि ते खरं आहे की नाही हे आपण कधीच तपासलेलं नसतं. तुमचं बहुधा असं असेल : विद्यार्थिनी झाले की माझा मान जाईल. कीगन-लाही म्हणतात, त्याच्याशी वाद घालू नका, एखादा छोटा, सुरक्षित प्रयोग करून ते तपासा. अर्ज बाजूलाच राहू द्या. तुम्हाला कळत नसलेली एखादी गोष्ट या आठवड्यात ऑफिसमध्ये कुणाला तरी मोकळेपणाने विचारा, आणि मान किती गेला ते बघा.

मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी १९४० च्या दशकातच सांगून ठेवलंय : पुढे ढकलणारा जोर वाढवला तर ताण वाढतो, अडवणारा जोर कमी केला तर माणूस आपोआप पुढे सरकतो.

---

सरळरेषा | शनिवार, दुपारी ३:२०

पानगळताई, तुम्ही म्हणालात म्हणून आठवून पाहिलं. तो मंगळवार अचानक आला नव्हता. वडिलांच्या छातीचा फोटो काढायला मीच त्यांना घेऊन गेलो होतो, आणि तिथल्या दरवाजाबाहेर उभा राहून ओढत होतो. त्याला आठ महिने झाले होते. आठ महिने रोज पाकीट घेताना तो दरवाजा माझ्या डोळ्यांसमोर येत होता. हे मी कधीच कुणाला सांगताना सांगत नाही, फक्त चुरगाळलेलं पाकीट सांगतो. निळीशाईताई, 'चोचले' हा शब्द मी परत घेतो.

तरी एक सांगतो, कारण ते मला खरंच वाटतं. कारण सापडणं म्हणजे काम होणं नाही. दिवस, वेळ, जागा ठरवा.

---

गणिती | शनिवार, दुपारी ४:००

यावर सरळरेषांना माझा पूर्ण पाठिंबा. पीटर गोल्विट्झर यांचं १९९० च्या दशकातलं काम हेच सांगतं. 'मी करणार आहे' यापेक्षा 'अमुक झालं की मी अमुक करीन' असं वाक्य बांधलं की गोष्ट पार पडायची शक्यता चांगलीच वाढते. वेळ आली की वेगळं ठरवावं लागत नाही. निळीशाई, तुमचं वाक्य इथेच लिहा.

---

निळीशाई | शनिवार, रात्री १०:१०

लिहिते. 'बुधवारी ऑफिसातून आल्यावर, हातपाय धुतले की, कपाटाकडे पाठ करून टेबलाशी बसेन आणि आठव्या पानावर दोन वाक्यं लिहीन.' दोनच.

प्रयोग सोमवारी करते. कुणाला विचारायचं तेही ठरलंय.

---

निळीशाई | गुरुवार, सकाळी ६:५०

सोमवारी विचारलं. आमच्याकडे सहा महिन्यांपूर्वी लागलेली २४ वर्षांची मुलगी आहे, तिच्याकडे माझ्याकडे नसलेली पदवी आहे. मी खुर्ची घेऊन तिच्या टेबलाशी गेले आणि म्हटलं, "घसारा असा का धरतात? मी १९ वर्षं धरतेय, पण का ते मला कुणी सांगितलेलं नाही." माझे कान तापले होते. ती आधी गोंधळली. मग तिने कागद ओढला. यंत्र आज घेतलं तरी ते दहा वर्षं झिजत काम करणार, मग सगळा खर्च एकाच वर्षावर का टाकायचा, ज्या ज्या वर्षी ते कमावून देतं त्या त्या वर्षावर वाटून टाकायचा. पाच मिनिटं. १९ वर्षं जे हातांना माहीत होतं ते पाच मिनिटांत डोक्याला कळलं. मला तिथेच हसू फुटलं. आणि मग ती खाली मान घालून म्हणाली, "मॅडम, मलाही तुम्हाला खूप विचारायचं असतं. पण तुम्हाला सगळंच येतं, म्हणून भीती वाटते."

काल बुधवार. कपाटाकडे पाठ करून बसले. दोन वाक्यं ठरली होती, अकरा झाली. 'का' याच शब्दाने सुरुवात केली. नववं पान आता उघडलंय. त्यात फोटो आणि वरिष्ठांचं पत्र मागितलंय. पत्र त्या वाक्यवाल्या साहेबांकडूनच घ्यावं लागणार, आज मागते. छातीत धडधड आहेच.

अजून १२ दिवस आहेत. फोटो मात्र सारखा नाकारला जातोय, मोठा आहे म्हणून सांगतंय. काय करू?

---

रानवाट | गुरुवार, सकाळी ६:५८

अकरा!! ताई, मी पण आज एक खिडकी परत उघडतेय. नंतर सांगते कुठली.

---

जुनीवही | गुरुवार, सकाळी ७:२०

त्या मुलीला तुझ्याशेजारी बसायला खुर्ची दे.

---

गणिती | गुरुवार, सकाळी ७:३१

फोटो मोबाइलमध्ये उघडा, क्रॉप करून फक्त चेहरा आणि खांदे ठेवा, मग स्क्रीनशॉट काढून तो चढवा. बहुतेक वेळा तेवढ्याने आकार पुरेसा खाली येतो. नाही झालं तर इथेच लिहा, मी दुपारपर्यंत आहे.